टोक खाल्लेली कट्यार

उमेळे, ता. वसई
शनिवार, १७ नोव्हेंबर १९५१

सौ. कृष्णावहिनींना शत्रुघ्नचा नमस्कार.

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकला असाल. घाबरू नका, कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. तुमच्या जावेचा, सोनूचा, गुडघा थंडी पडली की कुरकुरतो, तेवढंच. थोरली सासरी सुखात आहे, धाकटी मॅट्रिकला बसणार. मला शाळा आहेच, त्यात आता निवडणुकीचं काम मास्तरांच्या डोक्यावर. दारोदार जाऊन लोकांना मतदान म्हणजे काय ते समजावायचं. काल एका म्हातारीने विचारलं, "मत दिलं तर परत कधी मिलंल?" मी पुढच्या दाराला गेलो.

हे सगळं निर्मळला सायकलने येऊन तोंडी सांगता आलं असतं. पत्र पोचायच्या आधी मी पोचलो असतो. पण ते असो.

हरेश्वरचं लग्न माघात ठरल्याचं कळलं. पोरगी कोफराडची, घर चांगलं, असंही कळलं. कसं कळलं ते विचारू नका. मी त्याचा सख्खा चुलता आहे आणि मला ते केळीवाल्याकडून कळलं. मी काही म्हणत नाही.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. नवरदेवाच्या हातात कट्यार लागणार, आणि आपल्या घरातली तर वाटणीच्या वेळेपासून नाहीशी झालेली. म्हणजे तुम्ही लोक कुठून तरी विकत घेणार, आणि कोणी तरी तुम्हाला फसवणार. म्हणून वेळीच सावध करतो. पापडीला सायमन लोपीस म्हणून एक आहे, मोडलेल्या घरांचं सामान विकतो. खुर्च्या, हंड्या, देव्हारे, क्रूस, सगळं एका छपराखाली सुखाने नांदतं. त्याच्याकडे सध्या एक कट्यार आहे. ती घेऊ नका.

मला जुन्या हत्यारांचा नाद किती वाढलाय हे तुमच्या कानांवर असेलच. दोन तलवारी, एक जांबिया, एक बिनमुठीचं पातं असा माझा संसार आहे. सोनू म्हणते, घरात एवढं लोखंड, पण कांदा चिरायला धड सुरी नाही. तर काल शुक्रवारच्या बाजारात गेलो होतो, तेव्हा सायमनने मला हाक मारली. "मास्तर, इकडं या. चिमाजीअप्पांच्या येलची कट्यार हाय." वसईत ही एक सोय आहे. गंजलेला खिळा सापडला तरी तो चिमाजीअप्पांच्या स्वारीतला. आणि संस्थानं विलीन झाल्यापासून जो उठतो तो कुठल्या तरी राजाच्या शस्त्रागाराचं नाव सांगतो.

अशा वेळी विकणारा काय बोलतो ते ऐकायचंच नाही. वस्तू हातात घ्यायची आणि गप्प बसायचं. आधी गंज बघायचा. हे लोक काय करतात, लोहाराकडून नवी कट्यार घडवून घेतात, एक पावसाळा खाजणातल्या चिखलात पुरतात, की झाली दोनशे वर्षांची म्हातारी. पण तो गंज लाल असतो आणि बोटाला लागतो. जुना गंज काळा, लोखंडाला धरून बसलेला, नखाने खरवडला तरी हलत नाही. मग टिचकी मारायची. एकसंध पात्याचा नाद लांबत जातो. मागून जोड दिलेली असेल तर तडकलेल्या मडक्यासारखी बद्द वाजते. मग पात्याची मुठीशी जोड बघायची, ती झाळलेली आहे की ठोकून एकजीव केलेली. मग तोल.

या सगळ्यात ती उतरली, वहिनी. नाद असा की कान तृप्त झाले. कट्यार अस्सल होती. मुठीच्या दोन्ही पट्ट्यांवर काळ्या गंजाचा थर, पण आतलं लोखंड धडधाकट.

पण टोक! पेराएवढं टोक खाल्लेलं, काळंठिक्कर, देवीचे वण असावेत तसे खड्डे पडलेलं. बाकी पातं शाबूत आणि टोकच तेवढं सडकं, असं मी आजवर पाहिलं नव्हतं. मी सायमनला चार माणसांत सुनावलं, "काय रे, लोणच्याच्या बरणीत बुडवून ठेवली होतीस काय? टोक गेलेलं हत्यार कोण घेईल?" तो कानकोंडा झाला. मी ऐटीत सायकलवर टांग मारली.

तर ती घेऊ नका, एवढंच सांगायचं होतं. दादाला हे पत्र दाखवायची गरज नाही. त्याला माझं अक्षरही आवडत नाही.

आणखी एक. आपल्या घरात कट्यारीला लिंबू टोचायचा मान चुलत्याचा. दादाच्या लग्नात अण्णाकाकांनी टोचलं, माझ्याही लग्नात त्यांनीच. हरेश्वरच्या लग्नात मात्र तुमचे बंधू बळीराम टोचणार असं ऐकतो. चांगलं आहे. मामाही मोठाच असतो. मला दोन्ही मुली, तेव्हा हा प्रसंग माझ्या हातून व्हायचा तर हरेश्वरच्याच लग्नात झाला असता, पुढे कोणाच्या नाही. पण मी काही म्हणत नाही.

हरेश्वरला आशीर्वाद. सांगायचा झाला तर सांगा.

तुमचा दीर
शत्रुघ्न


उमेळे
गुरुवार, २२ नोव्हेंबर

सौ. वहिनींना नमस्कार. खुशाली आधीच्या पत्रात लिहिली आहे, ती तशीच समजा. मी मात्र खुशाल नाही.

वहिनी, मी गाढव आहे. सोमवारी सोनू विळीवर लिंबं चिरत होती, लोणच्यासाठी. मध्ये कोणी हाक मारली म्हणून विळी तशीच टाकून गेली. परत आली तर पातं काळं पडलेलं. "लिंबाला लोखंड म्हणजे काय खाऊ वाटतो का!" असं म्हणत राखेने घासायला बसली. मी समोर पाटावर होतो. माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

अहो, लिंबू! हळदीपासून वरात घरी येईपर्यंत नवरदेवाच्या कट्यारीच्या टोकाला लिंबू टोचलेलं असतं. एक सुकलं की दुसरं. असं बापाच्या लग्नात, आजाच्या लग्नात, पणजाच्या लग्नात. तिचं टोक खाल्लेलं नसेल तर काय होईल? जगातल्या कुठल्याही शहाण्याला टोक सडलेलं दिसलं असतं तर तो फसला असता, ते चाललं असतं. पण मी? मी स्वतः ती हातात धरून बोहल्यावर उभा राहिलो होतो! हत्यारं बघायला शिकलो आणि घरातलं विसरलो.

मग मला आठवायला लागलं. आपल्या कट्यारीचं टोकही तसंच होतं. लग्न पार पडलं की आई दुसऱ्या दिवशी चिंच आणि राख घेऊन बसायची, मुठीपासून टोकापर्यंत घास घास घासायची. काळेपणा जायचा, खड्डे राहायचे. लांबीही तेवढीच. मूठही तशीच अरुंद, माझी करंगळी बाहेर राहायची. म्हणजे, वहिनी, सायमनच्या छपराखाली ती आपलीच असू शकते.

मला जेवण गेलं नाही. मंगळवारी शाळा सुटल्याबरोबर पापडी गाठली. सायमन दारातच हसत उभा. "मास्तर, तुमी बोललात ते पटलं मला. धारवाला आलता, त्याच्याकरनं टोक काढून घेतलं. आता बगा कशी नवरीवानी दिसते!"

त्याने माझ्यापुढे धरली. टोक नाहीसं झालं होतं. सडकं पेर सगळं घासून टाकून त्याने पुढे नवं, चकचकीत, अणकुचीदार टोक काढलं होतं. मी तिथेच एका विकाऊ खुर्चीवर बसलो. ज्या खुणेवरून ओळख पटली असती ती खूण गेली, आणि ती घालवायला मीच सांगितलं होतं, तेही चार माणसांत, ऐटीत.

कुठून आणलीस म्हणून विचारलं तर म्हणतो, आगाशीच्या एका मोडलेल्या घराच्या सामानात आली, ते लोक केव्हाच गाव सोडून गेले, आणि त्यांच्याकडे कुठून आली ते देवाला ठाऊक. मी म्हटलं, घेतो, आत्ता घेतो. तर हा सोदा काय म्हणतो, "थांबा जरा. पट्ट्यांचा गंज राकेलात भिजत घातलाय, तो निघू दे. दुसरं पन गिऱ्हाईक हाय. निर्मळकडचा कोन म्हातारा, कानटोपीवाला. सकाळी आलता. टोक कुठं, टोक कुठं म्हनून माझ्यावर वरडला. मी बोललो, उमेळ्याच्या मास्तरनी काढायला लावलं. तर तोंडात शिवी घालून गेला. पन परत येनार."

निर्मळचा कानटोपीवाला कोण असेल? कोणी संग्राहक तर तुमच्या गावात मला ठाऊक नाही. त्याला टोकाचं काय माहीत? मला रात्रंदिवस तोच दिसतो. तो घेऊन गेला तर?

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहितो. वाटणीच्या दिवशी भांडी मोजली, झाडं मोजली, आणि देव्हाऱ्यामागे हात घातला तर कट्यार नाही. तेव्हा दादा सगळ्यांदेखत म्हणाला, "हत्यारांचं वेड तुला. दुसरा कोण नेणार?" मी म्हटलं, मी नेली नाही. दादा म्हणाला, "मग काय उडून गेली?" आणि पाच पंच हसले. वहिनी, ते हसणं अजून माझ्या कानात आहे. त्यानंतर मी तुमच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाही. पहिलं वर्ष वाटायचं, दादा येईल. मग वाटायचं, निरोप पाठवेल. मग वाटेनासं झालं. मी हत्यारं जमवायला लागलो, ते तुम्हाला काय वाटतं, कशापायी? प्रत्येक जुन्या बाजारात मी आधी कट्यारी बघतो. आपली दिसेल म्हणून बघतो. आणि दिसली तेव्हा तिला लोणच्याच्या बरणीतली म्हटलं.

ती आपली निघाली तर मी ती दादापुढे ठेवणार आणि म्हणणार, ही बघ, आगाशीला होती. माझ्याकडे नव्हती. बस, एवढंच बोलणार. मग लिंबू बळीरामने टोचो की आणखी कोणी.

नाही, हे खोटं लिहिलं. लिंबू मला टोचायचं आहे.

तुम्हाला आपल्या कट्यारीची आणखी काही खूण आठवते का? काहीही. पाचर, ओरखडा, वाकलेली सळई. लगेच कळवा. निर्मळची यात्रा दोन दिवसांवर आहे, तुमच्याकडे पाव्हण्यांची रीघ असेल, माहीत आहे. तरी दोन ओळी लिहा. मी रोज पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसतो. पोरं वर्गात धिंगाणा घालतात आणि मला ऐकू येत नाही.

उतावीळ
शत्रुघ्न


उमेळे
शनिवार, १ डिसेंबर

सौ. कृष्णावहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र आलं नाही. का आलं नाही ते आता कळलं. तुम्ही माझं पहिलं पत्र दादाला वाचून दाखवलंत! दाखवू नका म्हणून लिहिलं होतं, तेही वाचून दाखवलंत असं कळतं. काय म्हणावं तुम्हाला? काही म्हणत नाही. तुमचे पाय धरायला हवेत.

दादा घरी येऊन काय बोलला असेल, किती बोलला असेल, मला अंदाज आहे. त्याच्या तोंडून दहा शब्द निघाले तर यात्रा भरली म्हणायची. म्हणून मीच सांगतो.

काल शाळा सोडून पापडीला गेलो. बाजाराची गर्दी, सुक्या बोंबलाच्या टोपल्यांतून वाट काढत सायमनच्या छपराशी पोचतो तर आत पाठमोरा कानटोपीवाला. मी मनाशी म्हटलं, आलास का! आणि त्याने मान वळवली.

वहिनी, दादा म्हातारा झाला हो. कोणी मला सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे तो वाटणीच्या दिवशीचाच, काळ्या मिशांचा, होता.

मी नमस्कारही केला नाही. तो म्हणाला, "टोक घालवलंस." मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "टोक खाल्लंय हे वाचलं आणि तुझी वहिनी हसायलाच लागली. म्हणाली, भावजींना सांगा कोणी, लिंबू म्हणून."  सायमन एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघतोय. दोन गिऱ्हाइकं एकमेकांना ओळखतात म्हटल्यावर त्याचं तोंड उतरलं.

मग त्याने कट्यार आणली. फडक्यातून काढली आणि मी बघतच राहिलो. राकेलात भिजवून, कीस काढून त्याने पट्ट्यांवरचा थर सगळा काढला होता, आणि खालून रुपं निघालं होतं. लोखंडात रुप्याची तार ठोकून बसवलेली वेलबुट्टी, पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. फुलं, पानं, मध्ये एक नखाएवढा मोर. असलं काम मी फक्त मुंबईच्या म्युझियममध्ये काचेआड पाहिलं आहे. सायमनने किंमतही काचेआडची सांगितली.

दादाने ती हातात घेतली. मुठीत बोटं घातली. करंगळी बाहेर राहिली.  मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "गंजाखाली होतं रे हे सगळं. आपल्याला कधी कळलंच नाही. हीच ना आपली?"

वहिनी, हेच तर मला हवं होतं. मी नुसतं "हो" म्हटलं असतं की झालं. आगाशीच्या घरात सापडली, म्हणजे मी नेली नव्हती. सगळे डाग धुतले गेले असते. दादा ती घेणारच होता. दोन झाडं विकली असती तरी घेतली असती. माघात मी मांडवात उभा राहिलो असतो. जीभ दाताशी आली होती.

पण माझ्या डोळ्यांपुढे आई आली. चिंच आणि राख घेऊन बसलेली, मुठीपासून टोकापर्यंत घासणारी. आईच्या हातून कुठल्या भांड्यावर कधी थर साचला होता का? तुम्ही तिच्या हाताखाली नांदलात, तुम्ही सांगा. आपल्या कट्यारीवर रुपं असतं तर ते प्रत्येक लग्नात लखलखलं असतं. ते दिसलं नाही, कारण ते नव्हतंच. आपली कट्यार साध्या लोखंडाची होती. ही कोण्या दुसऱ्याच्या घरची, कोण्या दुसऱ्याच्या लिंबांनी खाल्लेली.

मी म्हटलं, "नाही दादा. अस्सल आहे, जुनी आहे, हा सांगतो त्याच्याहून जास्त मोलाची आहे. पण आपली नव्हे." आणि आईच्या चिंचेचं सांगितलं.

दादाने रुप्याच्या मोरावरून अंगठा फिरवला. मग कट्यार हळूच फडक्यावर ठेवली. "मग आपली कुठे गेली?"

"मला ठाऊक नाही."

"हो म्हणाला असतास तर मी घेतली असती रे."

"माहीत आहे."

त्याने कानटोपी काढली, झटकली, परत घातली. सायमन मध्येच म्हणाला, "आपली नाय तर नाय, घेतली की आपलीच होते ना शेट!" दादा त्याच्यावर असा खेकसला की तो बिचारा हंड्यांच्या मागे गेला. मग मला म्हणाला, "चल, चहा घेऊ."

चहा घेतला. चहा घेताना तो बोलला ते असं: यंदा केळीवर रोग पडलाय, थोरल्या विहिरीला पाणी बरं आहे, तुमची दाढ दुखते. मी आपला ऐकत होतो. मी दोनदा साखर मागितली आणि दोन्ही वेळा घालायची विसरलो. शेवटी बशी खाली ठेवून तो म्हणाला, "सोपाऱ्याच्या लोहाराकडून नवीनच घडवून घेऊ. साधी. लोखंड तू निवड. तुला कळतं."

त्याने हे पंचांदेखत म्हणायला हवं होतं, असं क्षणभर वाटलं. मग नाही वाटलं.

सायकली घेऊन आम्ही नाक्यापर्यंत चालत गेलो. तो निर्मळच्या रस्त्याला लागला, मी उमेळ्याच्या. थोडं पुढे जाऊन त्याने एक पाय टेकला आणि मागे न बघताच ओरडला, "आणि लिंबू कोण टोचणार? बळीरामची बोटं संधिवाताने वाकडी झाली आहेत!"

वहिनी, बळीरामना मी बुधवारीच वसईच्या स्टेशनात पाहिलं. दोन्ही हातांनी खोबऱ्याचं पोतं उचलून गाडीत टाकत होते. पण मी काही म्हणत नाही.

सोनूने आत्तापासून लुगडं कुठलं नेसायचं ते काढून ठेवलं आहे आणि गुडघा दुखत नाही म्हणते. उद्या सकाळी सोपाऱ्याला जातो. लोखंड बघतो, टिचकी मारून घेतो. कट्यार होईल साधीच, कुठल्या संग्राहकाने फुकटसुद्धा घेऊ नये अशी. लिंबं माझ्या दारातल्या झाडाची आणीन, पातळ सालीची, भरपूर रसाची.

एकच विनंती आहे. लग्न झाल्यावर तुम्ही चिंच घेऊन बसाल, आईची सवय तुम्हाला लागलेली आहे. बाकी सगळी घासा. टोक तेवढं घासू नका. ते काळं पडू दे, खाल्लं जाऊ दे. पुन्हा कधी हरवली तर आपल्याला ओळखता यायला हवी.

लिंबू टोचायला येणारा,
तुमचा दीर
शत्रुघ्न